परकी भाषा ‘चांगली’ येते हे ठरवलं कुणी? : मोजपट्टीची पार्श्वभूमी

पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात जर्मन शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कितवी लेव्हल झाली?’ उत्तर ए२, बी१ नाहीतर बी२. परकी भाषा किती येते ते सांगणाऱ्या, ए१ ते सी२ अशा सहा युरोपीय पायऱ्यांतल्या या पायऱ्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि १०,००० तरुणांना जर्मन शिकवून तिकडे पाठवायची योजना आखली. तेव्हापासून ही अक्षरं भाषेच्या क्लासच्या बाहेर पडून घराघरांत पोचली. व्हिसा, नोकरी, पगार हे सगळं त्यांच्यावर अवलंबून असल्यामुळे बी२ मिळालं की भाषा आली आणि अडकलं की आली नाही, असं सरळ समीकरण होऊन बसलं आहे.

ही मोजपट्टी मात्र २००१ सालची आहे. तिच्या आधी शेकडो वर्षं लोक परक्या भाषा शिकत होते, आणि कुणाला ती चांगली येते, कुणाला नाही, हेही ठरवत होते. प्रत्येक काळाचं माप वेगळं होतं आणि त्यामागची गरजही वेगळी. ‘चांगली येते’ हा निवाडा भाषेतून आपोआप निघत नाही, तो कुणीतरी कशासाठी तरी करतो. हा इतिहास माहीत असला तर बी२चा कागद हातात घेऊन जर्मनीतल्या दवाखान्यात पहिल्या दिवशी गोंधळून गेलेल्या मुलीला स्वतःला दोष द्यावा लागणार नाही.

आपल्याकडचं सगळ्यांत जुनं ठळक उदाहरण गोव्यातलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापून झालं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वी ऐकलेल्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं, त्या मागणीतून ते जन्मलं. त्याची परीक्षा घेणारी संस्था नव्हती. देवळात बसून ओव्या ऐकणारे लोक हेच परीक्षक. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापावं लागलं, यावरून त्यांचा निकाल समजतो.

कंपनी सरकारच्या काळात हे नातं उलटं झालं. १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे विल्यम केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आलं, त्यामागे पंडित वैजनाथ शर्मा यांची मदत होती. कॉलेजातले तरुण अधिकारी गव्हर्नर जनरलच्या समोर फारसी, हिंदुस्थानी, बंगालीत जाहीर वादविवाद करत. पुढे मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी देशी भाषांच्या परीक्षा आल्या. साहेबाने मुन्शी किंवा पंडित ठेवायचा, अर्ज वाचायला शिकायचं, परीक्षा द्यायची आणि बक्षीस घ्यायचं. महसूल वसूल होतो का, जबानी समजते का, हुकूम देता येतो का, एवढं या परीक्षेला पुरत होतं. रयत आपल्याशी मोकळेपणाने बोलते का, हे कुणी विचारत नव्हतं.

मेजर टॉमस कँडीची गोष्ट याच्याही पुढची आहे. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशावर तो राबला. १८४७चा इंग्रजी-मराठी कोशही त्याचाच. त्याचं मराठी उत्तम होतं, यात शंका नाही, आणि आज आपण मराठीत स्वल्पविराम-अर्धविराम देतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण शिक्षण खात्यासाठी तयार होणारी मराठी पुस्तकं तपासण्याचं कामही त्याच्याकडे आलं. म्हणजे मराठी माणसाने लिहिलेलं मराठी बरोबर की चूक, हे ठरवणारा परभाषक झाला. त्या पुस्तकांच्या इंग्रजी वळणाच्या भाषेवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून कडाडून टीका केली, आणि ती मला आजही रास्त वाटते. कोश रचण्याइतकी भाषा येणं आणि त्या भाषेच्या वळणाबद्दल शेवटचा शब्द आपला असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सत्ता हातात असली की दुसरी गोष्ट पहिलीच्या नावाखाली खपून जाते.

तिकडे युरोपात एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ जिवंत भाषा लॅटिन-ग्रीकसारख्या शिकवल्या जात. नियम पाठ करायचे आणि सुटी वाक्यं इकडून तिकडे भाषांतरित करायची. फ्रेंच उत्तम येणारा जर्मन विद्यार्थी पॅरिसच्या स्टेशनवर तिकीट मागताना अडखळला, तर त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती. १८८२ मध्ये विल्हेल्म फीटर या जर्मन अभ्यासकाने टोपणनावाने एक पुस्तिका काढली आणि भाषाशिक्षणाने आता पूर्ण उलट फिरलं पाहिजे, अशी मागणी केली. बोलणं आधी, लिहिणं नंतर, आणि तेही सुट्या वाक्यांऐवजी अखंड मजकुरातून. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये शिक्षकांनी ध्वनिशास्त्राची संघटना उभारली. तिच्यातून पुढे उच्चार लिहिण्याची आंतरराष्ट्रीय लिपी आली. उच्चाराला एवढी प्रतिष्ठा आधी कधी मिळाली नव्हती.

जुनं माप आणि नवं माप एकाच कागदावर पाहायचं असेल तर केंब्रिजची १९१३ची परीक्षा पाहावी. इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परदेशी लोकांसाठी विद्यापीठाने ती सुरू केली. सगळे पेपर धरून ती सुमारे १२ तास चालायची. फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत आणि उलट भाषांतर, व्याकरण, इंग्रजी साहित्य आणि निबंध असे पेपर. निबंधाच्या विषयांत मॅथ्यू आर्नल्ड होता आणि हिंदुस्थानातलं १८५७चं ‘बंड’ही होतं. त्याशिवाय ध्वनिशास्त्राचा वेगळा पेपर, त्यात उच्चार लिपीत लिहून दाखवायचे. श्रुतलेखन आणि मोठ्याने वाचन-संभाषण प्रत्येकी अर्धा तास. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. पुढे ध्वनिशास्त्राचा पेपर गेला, साहित्याचं वजन हळूहळू कमी झालं आणि बोलण्याचं वाढलं. परीक्षेच्या नावातलं ‘प्रोफिशन्सी’ म्हणजे ‘प्रावीण्य’ तसंच राहिलं, पण त्याचा अर्थ पूर्ण बदलला.

आजच्या पायऱ्यांचा सांगाडा मात्र अमेरिकेत तयार झाला, आणि तो विद्यापीठात नव्हे तर सरकारी कचेरीत. दुसरं महायुद्ध, मग कोरियाचं युद्ध. या काळात अमेरिकी सरकारच्या लक्षात आलं की कुठल्या अधिकाऱ्याला कुठली भाषा येते, याची धड नोंदच नाही. अर्जात लोक स्वतःच लिहायचे, ‘फ्रेंच अस्खलित’, ‘जर्मन उत्तम’. १९५२ मध्ये सरकारी नोकरांच्या भाषाज्ञानाची मोजदाद करायचं ठरलं आणि परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेने त्यासाठी श्रेणी बनवायला घेतली. १९५५च्या पाहणीत परराष्ट्र खात्याच्या निम्म्याहून कमी अधिकाऱ्यांना कामापुरती परभाषा येते, असं दिसलं. १९५८ मध्ये स्वतंत्र चाचणी विभाग सुरू झाला. शून्य ते पाच अशा पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर प्रवासापुरती भाषा, तिसरीवर नोकरीत निभावेल एवढी. पाचवीवर बसवला होता सुशिक्षित मातृभाषक.

या श्रेणीचं एक अंग फारसं कुणी सांगत नाही. परीक्षकांना गुण द्यायला एक तक्ता होता. त्यात उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ आणि आकलन अशी पाच सदरं होती. एकूण ९९ गुणांपैकी व्याकरणाला जास्तीत जास्त ३६ मिळत आणि उच्चाराला फक्त ४. परदेशात दूतावास चालवणाऱ्यांना अनुभवाने कळलं होतं की माणूस कुठल्या हेलात बोलतो यावरून त्याचं काम अडत नाही. तरीही शिडीच्या टोकाला मातृभाषकच राहिला आणि ही शिडी जगभर नकलली गेल्यावर तोही सगळीकडे गेला. ‘अगदी त्यांच्यासारखं बोलता आलं पाहिजे’ ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली कसोटी बरीचशी या पाचव्या पायरीवरून आली आहे.

त्याच सुमारास भाषाविज्ञानातही वाद पेटला होता. १९६५ मध्ये नोम चॉम्स्कीने एकजिनसी समाजातला, चुका न करणारा आदर्श भाषक सिद्धान्ताच्या मध्यभागी ठेवला. डेल हाइम्स या मानववंशशास्त्रज्ञाने त्याला उत्तर दिलं की असा माणूस कुठल्याच गावात राहत नाही. कधी बोलावं, कधी गप्प बसावं, कुणाशी कुठल्या रीतीने बोलावं, हे कळणं हाही भाषा येण्याचाच भाग आहे. सासरच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या मराठी मुलीला हे कुठल्याही प्राध्यापकाने सांगायची गरज पडणार नाही. शिक्षणाच्या योजनांत मात्र ते यायला हाइम्सची वाट पाहावी लागली.

युरोपातल्या देशांची संघटना असलेल्या युरोप परिषदेने १९७१ पासून हाच धागा उचलला. देशोदेशी कामासाठी जाणारी प्रौढ माणसं डोळ्यांपुढे ठेवून १९७५ मध्ये यान फान एक या डच अभ्यासकाने एक किमान पातळी आखून दिली. तिच्यात धड्यांची यादी नव्हती, कामांची होती. माफी मागणं, नकार देणं, रस्ता विचारणं, तक्रार नोंदवणं. १९९० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या शेकडो शिक्षकांकडून ‘विद्यार्थ्याला अमुक करता येतं’ अशी वाक्यं पारखून घेतली गेली आणि त्यांतून २००१ मध्ये ए१ ते सी२ या सहा पायऱ्या आल्या. सी२ म्हणजे मातृभाषकाची बरोबरी नव्हे, हे त्या मूळ दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. तरी काही वाक्यांत मातृभाषक रेंगाळत होता. उदाहरणार्थ, बी२च्या माणसाला मातृभाषकांशी सहज बोलता यावं. २०१८ मध्ये पुरवणी आली, २०२० मध्ये ती पक्की झाली, आणि त्या वाक्यांतून मातृभाषक काढून टाकला गेला. उच्चाराची श्रेणीही नव्याने लिहिली. सी१लाही मूळ भाषेचा हेल जाणवला तरी चालेल, समजण्यात अडचण येता कामा नये. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि आपल्याकडच्या जाहिरातींत, क्लासमध्ये, पालकांच्या बोलण्यात त्याचा मागमूस नाही. ‘जर्मन माणसासारखं बोला’ असं सांगून अजूनही फी घेतली जाते.

या बदलामागे भक्कम पुरावा होता. १९९५ मध्ये कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी मँडरिनभाषक लोकांचं इंग्रजी बोलणं स्थानिक श्रोत्यांना ऐकवून जसंच्या तसं लिहायला सांगितलं. ज्यांचा हेल ‘फार जड’ असं श्रोते म्हणाले, त्यांचीही पुष्कळ वाक्यं श्रोत्यांनी एकही शब्द न चुकता लिहिली होती. हेल ऐकू येणं आणि बोलणं न समजणं या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. त्याआधी १९९२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रुबिनने केलेला प्रयोग तर अस्वस्थ करणारा आहे. एका अमेरिकी बाईने दिलेलं एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान त्याने विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ऐकवलं. एका गटापुढे गोऱ्या बाईचा फोटो, दुसऱ्यापुढे आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच, शब्द तेच. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परका हेल ‘ऐकू’ आला आणि व्याख्यानही त्यांना कमी समजलं. बोलणाऱ्याने आणखी किती मेहनत घेतली असती तर यात फरक पडला असता? भाषा चांगली येण्याचा काही भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि तो कुठलीच परीक्षा मोजत नाही.

आता पुन्हा जर्मनीकडे. तिथे डॉक्टर म्हणून काम करायचं तर सर्वसाधारण बी२ पुरत नाही. २०१४ मध्ये राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी वैद्यकीय भाषेच्या वेगळ्या परीक्षेचे निकष ठरवले आणि तिची पातळी सी१ ठेवली. परीक्षेचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग आहेत. पहिल्यात परीक्षकच रुग्ण होऊन बसतो. त्याची तक्रार, जुने आजार, गोळ्या हे सगळं विचारून काढायचं, तेही साध्या भाषेत, कारण रुग्णाला वैद्यकीय शब्द समजत नाहीत. दुसऱ्यात तेच कागदावर उतरवायचं. तिसऱ्यात वरिष्ठ डॉक्टरला तीच केस सांगायची, आणि इथे उलट वैद्यकीय परिभाषाच हवी. वैद्यकाचं ज्ञान इथे तपासलं जात नाही. एकाच दुखण्याबद्दल दोन माणसांशी दोन तऱ्हेने बोलता येतं का, एवढंच पाहतात. मला माहीत असलेल्या परीक्षांत ‘चांगली येते’च्या सर्वांत जवळ जाणारी ही परीक्षा आहे.

तिच्याही हद्दी आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या मोठ्या भागात श्वाबी बोली चालते. प्रमाण जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल, पण श्वाबी म्हातारा ‘फूस दुखतोय’ म्हणाला तर दुखणं मांडीतही असू शकतं, कारण त्याच्या बोलीत कमरेपासून खालचा सगळा पाय त्या शब्दात येतो. मराठी नर्सला हे समजायला खरं तर जड नाही, आपलाही ‘पाय’ असाच लांबरुंद आहे. पण ‘नेमकं कुठे, दाखवता का?’ असं न संकोचता विचारायची सवय हवी, आणि ती फक्त प्रमाण जर्मनमधल्या ध्वनिफिती ऐकून लागत नाही. सरकारी खर्चाने चालणाऱ्या वर्गांत श्वाबी बोलणं ऐकवलं पाहिजे. न समजलेलं पुन्हा कसं विचारायचं, ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगून खात्री कशी करायची, याचा रोज सराव झाला पाहिजे. तिकडच्या दवाखान्यांनीही आपल्या माणसांची तयारी करून घ्यावी, आणि ती अवघड नाही. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत परक्या हेलाशी श्रोत्यांचे कान एका मिनिटाच्या आत जुळू लागलेले दिसले.