पाणी टीएमसीत वाटावं की टक्क्यांत?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचा करार 1922 साली झाला. नदीचे वरचं खोरं आणि खालचं खोरं असे दोन भाग पाडून प्रत्येकाला वर्षाला 75 लाख एकर-फूट (एका एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी लिहून दिलं. आपल्या हिशेबात हे प्रत्येकी सुमारे 327 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पुढे 1944 च्या तहाने मेक्सिकोला आणखी 15 लाख एकर-फूट कबूल झाले. घोळ असा की कराराआधीची वर्षं नेमकी ओली होती. 1976 साली झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून जुन्या शतकांचे प्रवाह काढले, तेव्हा दीर्घकालीन सरासरी 135 लाखांच्या आसपास निघाली. म्हणजे 165 लाख देऊन बसलेल्या नदीत सरासरीने तेवढं पाणी नव्हतंच. अखेर 2007 साली कपातीच्या पायऱ्या ठरल्या: या नदीवरच्या लेक मीड जलाशयाची पातळी 1,075 फुटांवर आली की कपात सुरू. पहिली कपात ऑगस्ट 2021 मध्ये, पुढच्या वर्षासाठी, जाहीर झाली.

ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात शेतकऱ्याच्या हाती ठरावीक पाणी नसतं, हिस्सा असतो. समजा हिस्सा 100 मेगालिटरचा आहे (एक मेगालिटर म्हणजे हजार घनमीटर). 1 जुलैला पाणीवर्ष सुरू होतं आणि पहिली टक्केवारी जाहीर होते. ती 35 निघाली तर 35 मेगालिटर मिळणार. हंगामात आवक वाढली की टक्केवारीही वाढवतात. ती काढताना क्रम पक्का असतो: धरणातला साठा, त्यात किमान खात्रीची आवक मिळवायची, मग बाष्पीभवन, वहनातली गळती आणि शहरांची गरज वजा करायची. उरलेल्यातून आधी फळबागांसारख्या पिकांना लागणारे जास्त खात्रीचे हक्क भागतात, मग सर्वसाधारण हक्क. न्यू साऊथ वेल्सच्या मरे खोऱ्यात 2018-19 साली सर्वसाधारण हक्काला शून्य टक्के मिळालं. कठोर वाटतं खरं, पण पेरणीआधी कळलेलं शून्य हे पीक उभं असताना तुटलेल्या आवर्तनापेक्षा (कालव्याच्या पाण्याच्या पाळीपेक्षा) परवडतं.

त्यांचाही हिशेब चुकला आहे. 'किमान आवक' म्हणून इतिहासातला नीचांक धरला होता. 2006-07 मध्ये आवक त्याच्याही खाली गेली.

गोदावरीत यातलं काय घेण्यासारखं आहे? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात तुटीची विभागणी खोऱ्यात समन्यायी करण्याची तरतूद आहे. 2014 च्या आदेशानुसार 15 ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. उपयुक्त साठा 2,171 दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्याचे 65 टक्के म्हणजे जवळपास 50 टीएमसी. तत्त्व टक्क्यांचंच, चांगलं आहे. पण ऑस्ट्रेलियासारखी हंगामभर फेरघोषणा इथे फार उपयोगाची नाही, कारण परतीचा पाऊस सरला की आपली आवक जवळपास संपते. आपल्याला त्यांच्याकडून शिकायची ती वजाबाकी.

पहिली वजाबाकी बाष्पीभवनाची. जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, उथळ आणि पसरट आहे. पूर्ण भरला की विस्तार सुमारे 350 चौरस किलोमीटर. तिथे एक सेंटिमीटर पाणी उडालं की 3.5 दलघमी गेलं. म्हणून ऑस्ट्रेलियातली, न वापरलेलं पाणी पुढच्या वर्षाला ओढण्याची सोय जशीच्या तशी इथे आणू नये. व्हिक्टोरियात अशा पाण्यातून बाष्पीभवनापोटी 5 टक्के कापतात. आपल्या उन्हाळ्यात एवढ्यावर भागणार नाही.

दुसरी वजाबाकी नदीपात्रातली. ऑक्टोबरच्या मध्यात पात्र ओलं असतं. वादात महिना गेला की कोरडी वाळू आधी आपला वाटा घेते. वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पाणी सोडण्याआधीच काढावे लागतात, नाहीतर प्रत्येक बंधारा स्वतः भरून घेतो. काठावरच्या मोटारींची वीजही त्या दिवसांत बंद ठेवावी लागते. उशिराचा निर्णय म्हणजे त्याच आकड्यात कमी पाणी.

आता शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चारीवर येऊ. पंजाब-हरियाणाच्या वारबंदीत आठवड्याचे 168 तास जमिनीच्या प्रमाणात वाटतात. चारी भरायला लागणारा वेळ म्हणजे भराई, तो शेतकऱ्याच्या वेळात वाढवून मिळतो. पाळी संपल्यावर चारीत उरलेलं पाणी शेवटच्याला मिळतं, ती झराई. ती त्याच्या वेळातून कापतात. समजा एका विमोचकाखाली (कालव्यातून चारीत पाणी सोडणाऱ्या दाराखाली) 40 हेक्टर आहेत, एकूण भराई 6 तास, झराई 2 तास. 168 वजा 6 अधिक 2 म्हणजे 164, हेक्टरी 4.1 तास. दोन हेक्टरवाल्याला 8 तास 12 मिनिटं, त्याची भराई 20 मिनिटं असेल तर 8 तास 32. आपल्या शेजपाळीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या पाळीच्या पद्धतीत, भरणं पूर्ण होईतो पाणी चालतं, त्यामुळे वरच्याला घाई नसते. वारबंदीतही एक भोक आहे: झिरप धरलेली नसते. टेलच्याला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्याला, मिनिटं तेवढीच, पाणी कमी. काळ्या भेगाळ जमिनीतल्या मातीच्या चारीत तर हे फारच जाणवतं.

म्हणून घनमापन, म्हणजे तासांऐवजी पाणीच मोजून देणं. पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात आहे, आणि तिची किल्ली फ्लूमच्या (चारीतल्या प्रवाह मोजायच्या अरुंद गाळ्याच्या) गेजपट्टीत, म्हणजे पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीत आहे. प्रवाह उंचीच्या साधारण दीड घाताने वाढतो. 20 सेंटिमीटरऐवजी 22 वाचलं तर पाणी 15 टक्के जास्त दिसतं. पट्टीचा शून्य खचला, फ्लूमच्या खाली गवत-गाळ साचून पाणी मागे फुगलं, की पट्टी जास्त दाखवते आणि प्रत्यक्ष प्रवाह कमी असतो. संस्थेचा कोटा कागदावर संपतो, टेल कोरडीच. आवर्तनाआधी खालची चारी साफ करून लेव्हल-नळीने शून्य तपासायला एक सकाळ पुरते.