कचरावेचक व प्लास्टिक पुनर्चक्रण

घरे, दुकाने, रस्ते, कचराकुंड्या आणि कचरा डेपो येथून विकण्याजोगा सुका माल वेचून त्यावर गुजराण करणाऱ्या असंघटित कष्टकऱ्यांना कचरावेचक म्हणतात. त्यांनी वेचलेले प्लास्टिक पुन्हा कारखान्यात जाते. या व्यवहारातील उत्पन्न, सुरक्षितता व प्रतिष्ठा यांचा रास्त वाटा वेचणाऱ्यांच्या पदरात पडावा यासाठी झालेले प्रयत्न हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. भारतातील कचरावेचकांची संख्या १५ लाख ते ४० लाख अशी सांगितली जाते. दोन टोकांमधील अंतर पाहता हे आकडे अंदाज म्हणूनच घ्यावे लागतात. पुण्यातील कामाची लेखी नोंद तुलनेने विपुल असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्या शहराला धरून आहे.

उगम : महाराष्ट्रातील शहरांत हा व्यवसाय केव्हा व कसा रुजला याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तो जातिव्यवस्थेने लादलेल्या अस्वच्छ कामांचाच शहरी विस्तार होय. कचरावेचकांत दलित समाजातील, विशेषतः मातंग व नवबौद्ध स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, हा या मताचा आधार. दुसऱ्या मतानुसार १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून व लगतच्या अवर्षणग्रस्त भागांतून आलेल्या भूमिहीन कुटुंबांनी भांडवल किंवा ओळखपाळख न लागणारे काम म्हणून ते पत्करले. गावगाड्यातील बलुत्याची कामे आणि शहरातील भंगार वेचणे यांचे आर्थिक स्वरूप भिन्न आहे. पहिल्यात हक्क व सक्ती एकमेकांत गुंतलेली असत, तर दुसऱ्यात माल, वजन आणि भाव यांचाच व्यवहार असतो. त्यामुळे दुष्काळाने माणसे शहरात आणली आणि जातीने त्यांच्यापुढचे अन्य दरवाजे बंद ठेवले, असा दोन्ही मतांचा मेळ घालणे अधिक सयुक्तिक वाटते. प्लास्टिकचा प्रवेश मात्र त्यानंतरचा असावा. ठाणे येथील नॅफ्था (खनिज तेलापासून मिळणारा, प्लास्टिकचा कच्चा माल) विघटन प्रकल्प १९६८ मध्ये आणि बडोद्याचा १९७८ मध्ये सुरू झाल्यावर देशी प्लास्टिकचा पुरवठा वाढला, आणि पेट (पाणी व शीतपेयांच्या बाटल्यांचे पॉलिएस्टर वर्गातील प्लास्टिक) जातीच्या बाटल्या साधारणपणे १९९० नंतर सर्रास दिसू लागल्या. तोवर रद्दी, काच व पत्रा हाच वेचकांचा मुख्य माल होता.

वर्गीकरण व प्रक्रिया : प्लास्टिक हा एकजिनसी माल नसल्याने त्याची किंमत निवडीवर ठरते. बाटल्यांचे पेट, कॅन व डब्यांचे उच्च घनतेचे पॉलिथिन, दुधाच्या पिशव्यांचे कमी घनतेचे पॉलिथिन, झाकणे व बादल्यांसाठी वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन, नळ्यांचे पीव्हीसी हे प्रकार एकत्र वितळवता येत नाहीत. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला १ ते ७ हा सांकेतिक अंक १९८८ पासून अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने रूढ केला. परंतु भंगाराच्या गोदामात तो क्वचितच पाहिला जातो. अनुभवी बाई तुकडा वाकवून, नखाने ओरखडून किंवा आपटून आवाजावरून जात सांगते. शंका राहिल्यास कडा पेटवून वास घेतला जातो : पॉलिथिन मेणबत्तीसारखा वास देत ठिबकते, तर पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो. ही परीक्षा अचूक असली तरी तो धूर रोज श्वासात जातो, आणि वर्गीकरणाच्या कौशल्याचे कौतुक करताना ही बाजू अनेकदा सुटते.

निवडलेला माल कापून, धुऊन पाण्याच्या टाकीत सोडतात. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन यांची घनता पाण्याहून कमी असल्याने ते तरंगतात, तर पेट (घनता सुमारे १.३८) तळाशी बसते; म्हणून बाटलीचे झाकण बाटलीपासून आपोआप वेगळे होते. पीव्हीसीही बुडत असल्याने पाण्याच्या टाकीतून ते पेटपासून निराळे करता येत नाही. पेट सुमारे २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळते, त्याआधीच पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते व त्यामुळे सर्व माल पिवळा पडून ठिसूळ होतो. अगदी थोड्या पीव्हीसीनेही सगळा घाणा बिघडत असल्याने हातांनी केलेली निवड यंत्रे आल्यावरही टिकून आहे. पुढे पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन वितळवून त्यांचा दाणा (कारखान्यात पुन्हा वापरता येणारे बारीक तुकडे) पाडला जातो, तर पेटच्या चुऱ्यापासून बहुधा पॉलिएस्टर धागा काढतात.

उत्पन्नाचा प्रश्न : वेचक, भंगारवाला, ठोक व्यापारी, दाणा पाडणारा आणि कारखानदार अशा उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर भाव ठरवण्याची ताकद नसते. आजारपणात किंवा लग्नकार्यात भंगारवाल्याकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी माल त्यालाच घालावा लागतो, आणि काट्यात मारले गेले तरी बोलता येत नाही. भंगारवाल्याला केवळ खलनायक ठरवणेही बरोबर नाही. अडीअडचणीला रोख देणारा आणि पावसाळ्यात भिजलेला मालही ठेवून घेणारा तोच असतो. शिवाय खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याचा भाव कोसळतो. २००८ च्या अखेरीस जगभर भंगाराचे दर घसरले तेव्हा या पडझडीचा भार शेवटी वेचकांवर आला.

पुण्यातील संघटन : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यक्रमातील पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांचा कचरावेचक स्त्रियांशी १९९० च्या सुमारास संबंध आला. कोरेगाव पार्कमध्ये घरातच वेगळा केलेला सुका कचरा या स्त्रियांना मिळू लागला. उकिरड्यात हात घालण्याऐवजी कोरडा माल हाती आल्याने कामाचे तास घटले व मालाला भाव चांगला मिळाला. पुढे एका खाजगी कंत्राटदाराने त्याच वसाहतींत गाडीने कचरा उचलण्यास आरंभ केला आणि कचऱ्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न उघडपणे पुढे आला. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या मेळाव्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना स्थापन झाली. आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीचा, म्हणजे हमालांच्या संघटनेचा, अनुभव तिच्यामागे होता. पंचायतीच्या ओळखपत्रांवर पुणे महानगरपालिकेने १९९० च्या दशकाच्या मध्यात मोहोर उठवली. पोलिसांनी चोरीच्या संशयावरून हटकण्याचे प्रसंग यामुळे कमी झाले, असे सभासद स्त्रिया सांगत आल्या आहेत. पंचायतीने ‘कष्टाची कमाई’ हे स्वतःचे भंगार दुकानही चालवले. वजनाची खात्री हा त्याचा मुख्य लाभ.

२००८ मध्ये कचरावेचकांच्या मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. घरोघरचा कचरा गोळा करण्याबद्दल कुटुंबांकडून मासिक शुल्क आणि वेचलेल्या सुक्या मालाची विक्री असे उत्पन्नाचे दोन भाग त्यातून निर्माण झाले. पुनर्चक्रणाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक मानावी लागेल, कारण भंगाराचा दर पडला तरी शुल्क थांबत नाही. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ च्या सुमारास परिसर विकास हा समांतर उपक्रम सुरू केला. धारावीतील तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिकवर होणारे काम प्रचंड असले तरी ते मुख्यतः लहान गोदामांत मजुरीने चालते.

आकडेवारीचा वाद : भारतात सुमारे ६० टक्के प्लास्टिकचे पुनर्चक्रण होते, असे विधान वारंवार उद्धृत होते. त्याच्याबरोबर दिला जाणारा, दररोज निर्माण होणाऱ्या प्लास्टिक कचऱ्याचा २५,९४० टन हा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ६० शहरांच्या पाहणीवरून देशासाठी काढलेले अनुमान आहे. पेट बाटल्यांबाबत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या २०१७ च्या अभ्यासाने सुमारे ९० टक्क्यांचा अंदाज दिला. पेटला भाव असल्याने तो संभवनीय वाटतो, मात्र तोच न्याय सर्व प्लास्टिकला लावता येत नाही.

भाव नसलेले प्लास्टिक : चिप्स व गुटख्याच्या पुड्या पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम व पॉलिथिन यांचे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या असतात. त्या अलग करणे खर्चिक पडते. वजनही भरत नाही. त्यामुळे वेचक त्या उचलत नाहीत आणि त्या डेपोत किंवा इंधन म्हणून सिमेंटच्या भट्टीत जातात. पुण्यातील अशाया या उद्योगाने २०२३ मध्ये अशा वेष्टनांतून मिळवलेल्या द्रव्याचे गॉगल बाजारात आणले. अशा प्रयोगांचे महत्त्व आज तरी दिशादर्शक इतकेच आहे.

कायदा : घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि स्थानिक संस्थांना त्यांना सामावून घेण्यास सांगितले. प्लास्टिकच्या वेष्टनांबाबत उत्पादकांची विस्तारित जबाबदारी, म्हणजे बाजारात आणलेल्या वेष्टनांच्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचे दायित्व, प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांतही होती व फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचे तपशील ठरले. या व्यवस्थेत प्लास्टिकवर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगांच्या नावे निघतात, आणि तो माल वेचणाऱ्या व्यक्तीची नोंद त्यांवर नसते. २०२४ मध्ये केंद्राच्या, सफाई कामगारांसाठी असलेल्या नमस्ते योजनेत कचरावेचकांचा समावेश होऊन ओळखपत्र, संरक्षक साधने व आरोग्य विमा यांची तरतूद झाली.