आर्केड लाइट गनचे घरगुती संगणकासाठी रूपांतर

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्राला जोडलेली मूळ लाइट गन त्या यंत्रापासून वेगळी करून ती घरच्या संगणकावर चालवण्याच्या कामाला हे नाव देता येते. बंदुकीचा साचा, ट्रिगर आणि भिंग मूळचेच राहतात. मधला दुवा मात्र नवा बांधावा लागतो, आणि खरे कौशल्य त्यातच लागते.

लाइट गनमधून कोणताही किरण बाहेर पडत नाही, उलट पडद्यावरचा प्रकाश नळीतून आत येतो. तोंडाशी भिंग असते आणि त्यामागे प्रकाश पडताच विजेचा संकेत देणारा संवेदक, म्हणजे फोटोडायोड किंवा फोटोट्रान्झिस्टर. पिक्चर ट्यूबवरचे चित्र एकाच वेळी उमटत नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ ओढत खाली येतो आणि सेकंदात साधारण 60 वेळा सगळा पडदा रंगवतो. नेम धरलेल्या ठिकाणावरून झोत गेला की काचेवरचा फॉस्फरचा लेप तेथे क्षणभर उजळतो आणि बंदूक एक स्पंद पाठवते. चर्चगेटहून गाडी किती वाजता सुटली हे ठाऊक असले की घड्याळ पाहून ती कुठे असेल हे सांगता येते, तसाच हा हिशेब आहे. चित्र सुरू झाल्यापासून किती ओळी झाल्या यावरून उभे स्थान कळते आणि चालू ओळ सुरू होऊन किती वेळ झाला यावरून आडवे. बंदुकीला यातले काहीच ठाऊक नसते, मोजणी पलीकडच्या यंत्रात होते.

म्हणून बंदुकीची जोडणी साधी असते. बहुतेक वेळा चारच तारा महत्त्वाच्या : 5 व्होल्ट, ग्राउंड, ट्रिगर आणि संवेदकाचा स्पंद. 1985 साली ठरलेल्या जामा या आर्केड यंत्रांच्या सामाईक जोडणीत लाइट गनसाठी जागाच ठेवलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपापला वेगळा कनेक्टर वापरला आणि तारांच्या रंगांतही मेळ राहिला नाही. रंगावर विसंबून वीज दिली तर संवेदक जळू शकतो. मुठीचे स्क्रू काढून, मल्टिमीटर लावून प्रत्येक तार तिच्या टोकापर्यंत तपासावी. ट्रिगरच्या मायक्रोस्विचपासून सुरुवात केली तर सोपे जाते : खटका दाबल्यावर ज्या दोन टोकांत बीप वाजतो, त्यांतले एक सहसा ग्राउंडचे असते. बंदुकीला हिसका देणारा सोलेनॉइड असेल तर त्याला 24 व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाचा वेगळा पुरवठा लागतो. तो मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत चालू-बंद करावा आणि सोलेनॉइडवर उलटा डायोड हमखास टाकावा, नाहीतर वीज तुटताना उठणारा उलट दाब मॉसफेट फोडतो.

सगळ्याच आर्केड बंदुका प्रकाशावर चालत नाहीत. 1991 सालच्या ‘टर्मिनेटर 2’ची बंदूक कॅबिनेटला जखडलेली असते आणि तिची दिशा दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवले की विजेचा दाब बदलणारे भाग, सांगतात. रूपांतराला ती सर्वांत सोपी, कारण दोन अॅनालॉग इनपुट दिले की काम झाले. तिला पडदाही कसला का असेना, चालतो. पडद्याभोवती लावलेल्या इन्फ्रारेड एलईडी पाहून दिशा ठरवणाऱ्या बंदुकांची जात आणखी वेगळी. हातात आलेली बंदूक कोणत्या जातीची आहे हे कळेपर्यंत काहीही विकत घेऊ नये.

जुन्या घरगुती संगणकांत मोजणीची सोय मूळचीच होती. कमोडोर 64 (1982) मधली व्हिडिओ चिप पहिल्या कंट्रोल पोर्टवरचा स्पंद येताच झोताचे स्थान दोन रजिस्टरांत टिपून ठेवते. आयबीएम पीसीच्या 1981 सालच्या सीजीए या चित्र दाखवणाऱ्या कार्डावरही लाइट पेनसाठी, म्हणजे याच तत्त्वावर चालणाऱ्या पेनासाठी, जोडणी होती. तिच्यामागची 6845 चिप मात्र अक्षराच्या घराइतकेच ढोबळ स्थान देते, नेमबाजीला ते पुरत नाही. नंतरच्या पीसींतून ही सोय गेली आणि मोजणीसाठी वेगळा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटा प्रोग्राम चालवणारी चिप, बसवणे आले.

त्यासाठी अर्डुइनो लिओनार्डोवरची एटीमेगा 32यू4 ही चिप सोयीची पडते, कारण यूएसबीवर ती स्वतःला माऊस किंवा जॉयस्टिक म्हणून सादर करू शकते. मोजणीसाठी सिंक, म्हणजे प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चित्र कधी सुरू झाले हे सांगणारा संकेत, लागतो. तो मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. व्हीजीए केबलमध्ये आडवा आणि उभा सिंक वेगवेगळ्या तारांवर असतो. एकाच तारेवरून येणाऱ्या कंपोझिट चित्रातून तो एलएम1881 सारख्या चिपने वेगळा करावा लागतो. आर्केडच्या 15.7 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला सुमारे 15,700 ओळींच्या) चित्रात एक ओळ सुमारे 63.5 मायक्रोसेकंदांची असते आणि तिचा दिसणारा भाग 52 च्या आसपास. 16 मेगाहर्ट्झचे घड्याळ त्या भागाचे सुमारे 830 तुकडे करते, नेम धरायला ते भरपूर आहेत. व्हीजीएच्या 640×480 चित्रात ओळीचा दिसणारा भाग 25.4 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे 400 पेक्षा थोडे जास्त तुकडे. तेही चालतात, पण स्पंदाची वेळ टाइमरच्या इनपुट कॅप्चरनेच, म्हणजे स्पंद येताच घड्याळाचा आकडा आपोआप टिपणाऱ्या सोयीनेच, टिपली पाहिजे. हातातले काम थांबवून प्रोग्रामनेच वेळ पाहावी अशा साध्या इंटरप्टवर सोडले तर दोन-चार मायक्रोसेकंद इकडेतिकडे होतात आणि नेम पडद्यावर थरथरतो. भिंगाच्या टप्प्यात एकापेक्षा अधिक ओळी येत असल्याने लागोपाठ अनेक स्पंद येतात. पहिला आणि शेवटचा धरून मधली ओळ घ्यावी.

काळ्या भागावर नेम धरला तर स्पंदच येत नाही, म्हणून आर्केड खेळ ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर पांढरा करतात. इम्युलेटरवर, म्हणजे आर्केड यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, हीच युक्ती अडचणीची ठरते, कारण मोजलेला आकडा यूएसबीतून पोहोचेपर्यंत खेळाने उत्तर वाचून टाकलेले असू शकते. उपाय म्हणून मॉनिटरचा ब्राइटनेस इतका वाढवतात की गडद भागही थोडा उजळतो आणि मोजणी अखंड चालू राहते. चित्र फिकट दिसते, पण नेम बसतो.

1997 पासून चालू असलेला मेम हा इम्युलेटर बंदुकीला पडद्यावरचे निश्चित स्थान सांगणारे साधन मानतो. पडद्याबाहेर गोळी झाडून बंदूक पुन्हा भरण्याची आर्केडची सवय माऊसच्या आकड्यांत बसत नाही, म्हणून दुसऱ्या बटणालाच पडद्याबाहेरची गोळी समजण्याचा पर्याय त्यात दिला आहे. विंडोज एरवी सगळे माऊस एकाच बाणाला जुंपते. दोन बंदुका वेगळ्या ओळखायच्या तर विंडोज एक्सपीपासून आलेली रॉ इनपुट पद्धत, म्हणजे प्रत्येक माऊसचे आकडे वेगळे वाचण्याची सोय, वापरावी लागते.

एलसीडी पडद्यावर ओळीओळीने धावणारा झोतच नाही. मागचा दिवा सतत जळतो आणि चित्र आत साठवून मग दाखवले जाते, त्यामुळे मूळ संवेदक तेथे आंधळा ठरतो. अशा वेळी संवेदक काढून इन्फ्रारेड कॅमेरा बसवतात. निन्टेन्डोच्या वी या खेळयंत्राच्या 2006 च्या रिमोटमुळे हा मार्ग रुळला. त्यातला कॅमेरा एका वेळी चार प्रकाशबिंदूंचा माग ठेवतो. याच तत्त्वावरचे अल्टिमार्क कंपनीचे एमट्रॅक मॉड्यूल आर्केड बंदुकीच्या साच्यातही बसते. हा मार्ग सोयीचा आहे यात वाद नाही. मात्र मूळ संवेदकाची पट्टी आणि भिंग कापून-फोडून काढणे हे नुकसानच आहे. असे संवेदक आता सहज मिळत नाहीत, आणि बंदूक पुढे कधी पिक्चर ट्यूबसमोर उभी करायची झाली तर ते हाताशी हवेत. साच्याला नवी भोके न पाडता, तारा कापण्याऐवजी मधे कनेक्टर घालून काम करावे.

मुंबईत या उद्योगाला लागणारे बरेचसे सामान ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर मिळते : मायक्रोस्विच, कनेक्टर, मॉसफेट, पॉवर सप्लाय. इथल्या दमट, खाऱ्या हवेत बंदुकीचा पहिला आजार बहुधा मायक्रोस्विचचे गंजलेले संपर्क हाच असतो, दुसरा भिंगावर आतून बसलेला धुरकट थर. तो मऊ कापडाने पुसावा. भिंग प्लास्टिकचे असू शकते, म्हणून थिनर लावू नये. बंदूक नेताना खोक्यातच न्यावी. मेट्रोच्या स्थानकावर सामान तपासले जाते, आणि खऱ्यासारखी दिसणारी वस्तू हातात घेऊन गर्दीत फिरणे कोणत्याही स्थानकावर घातकच.

बंदुकीपेक्षा दुर्मिळ होत चालला आहे तो पडदा. भंगारात जाणाऱ्या ट्यूबच्या टीव्हीचे मोल इथे लक्षात येते. संगणकाचे जुने मॉनिटर सहसा 30 किलोहर्ट्झच्या खाली उतरत नाहीत. घरातला पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) टीव्ही मात्र 15.625 किलोहर्ट्झवरच चालतो, आर्केडच्या अगदी जवळ. त्याला एव्ही इनपुट असेल तर एचडीएमआयवरून एव्ही करणारा स्वस्त कन्व्हर्टरही चालतो. त्यात चित्राला किंचित उशीर होतो, पण कन्व्हर्टरच्या पुढच्या, टीव्हीकडे जाणाऱ्या तारेवरूनच सिंक घेतला तर स्थानाची मोजणी चुकत नाही, कारण झोत त्याच सिंकवर धावतो. टीव्हीचे मागचे झाकण मात्र हौसेखातर उघडू नये. रंगीत ट्यूबवर 20 हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ ट्यूबमध्ये साठून राहतो. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडूनच करून घ्यावे.