घड्याळ विसरलेलं गाव

१९३१-३२चा हिवाळा. ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल नावाच्या गिरणी-वस्तीत एका खिडकीआडून मुख्य रस्त्यावरच्या शंभर माणसांची चाल टिपली जात होती. रस्ता सुमारे ३०० मीटरांचा. तेवढ्यात कोण किती वेळा थांबतं, याची नोंद करायची. दोन-तृतीयांश पुरुष दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा थांबले. सलग चालत पलीकडे पोचलेला पुरुष दहात एखादाच. बायका मात्र पुरुषांच्या जवळपास दीडपट वेगाने चालत होत्या.

गावातली कापडगिरणी १९२९-३०मध्ये टप्प्याटप्प्याने बंद पडली होती. ४७८ कुटुंबं, सुमारे दीड हजार वस्ती आणि दुसरा मोठा धंदा नाही. तीन-चतुर्थांश घरांत नोकरीवर जाणारं एकही माणूस उरलं नव्हतं.

मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल हे तरुण संशोधक खरं तर कामगारांच्या फुरसतीवर अभ्यास करणार होते. ऑटो बाउअर या समाजवादी नेत्याने त्यांना फटकारलं. एवढी माणसं बेकार असताना फुरसतीचा कसला अभ्यास करता, बेकारीचा करा. म्हणून ते मारिएन्टालला गेले. पण हातात वही घेऊन नुसतं बघत बसायचं नाही, गावाच्या काही उपयोगी पडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी व्हिएन्नातून जुने कपडे गोळा करून वाटले, शिवणाच्या बेतणीचे वर्ग घेतले, डॉक्टरची मोफत तपासणी सुरू केली. लोक बोलू लागले ते त्यानंतर. संशोधनाची ही रीत मला आजही फार मोलाची वाटते.

त्यांना जे दिसलं ते अंदाजाच्या उलट होतं. वेळ भरपूर मिळाला तर माणसं वाचतील, गप्पा मारतील, सभांना जातील, असं कुणालाही वाटलं असतं. गावच्या वाचनालयाने तर पुस्तकांची फीसुद्धा काढून टाकली होती. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शंभर पुरुषांपैकी ८८ जणांच्या अंगावर घड्याळ नव्हतं, आणि त्यांतल्या ३१ जणांचं घड्याळ घरीच पडून होतं.

संशोधकांनी लोकांना दिवसाचा तासवार हिशेब लिहायला सांगितला. एका ३३ वर्षांच्या बेकार माणसाचा कागद फार बोलका आहे. सकाळी उठणं, मुलांना शाळेसाठी उठवणं, मग लाकडं-पाणी आणणं. नऊच्या सुमारास बायको विचारते, आज काय शिजवू? त्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून तो शेताकडे निघून जातो. दहा ते अकराच्या रकान्यात एवढंच लिहिलंय की तोवर दुपार होते. अकरा ते बाराचा रकाना कोरा.

तो कोरा रकाना हाच मला या सगळ्या अभ्यासाचा गाभा वाटतो. हाताशी वेळ होता, पण वेळेला आकार राहिला नव्हता.

बायकांच्या चालीत एवढा फरक का पडला, याचं उत्तरही याहोडाच्या नोंदींतच आहे. स्वयंपाक, धुणं, फाटके कपडे पुन्हा पुन्हा ठिगळ लावून वापरात ठेवणं, यातलं काहीच गिरणीबरोबर बंद पडलं नव्हतं. त्यांचा पगार गेला, काम गेलं नाही. तरीही कित्येक जणींना गिरणीत परत जायचं होतं, आणि ते नुसत्या पैशासाठी नव्हतं. घराच्या चार भिंतींत एकट्याने राबणं वेगळं आणि चार माणसांत काम करणं वेगळं, हे त्या स्वतःच सांगत होत्या.

पुढे अनेक वर्षांनी याहोडाने याची नीट मांडणी केली. पगार हा नोकरीचा उघड हेतू. पण त्याच्या आडून, मालकाच्या ध्यानीमनी नसताना, नोकरी आणखी पाच गोष्टी देऊन जाते. ती दिवसाला चौकट देते, घराबाहेरची माणसं भेटवते, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कामात वाटा देते, समाजात ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते. याचा अर्थ गिरणी म्हणजे स्वर्ग असा नाही. साच्यांचा खडखडाट कान बधिर करतो, कापसाची धूळ छातीत बसते. आश्चर्य हेच की अशी नोकरीसुद्धा गेल्यावर माणूस आतून ढासळतो.

मुंबईत हे समजावून सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा गिरणगावातले सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतले कितीतरी जण परत कामावर गेलेच नाहीत. आमच्या मजल्यावर पहिल्या पाळीचे एक काका होते. भोंगा बंद झाला तरी ते पहाटे उठून, दाढी-अंघोळ आटोपून गॅलरीत उभे राहायचे. पुढे चाळीच्या टाकीचं पाणी सोडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. साडेचारला व्हॉल्व्ह उघडायचा, कुणाचं पिंप राहिलं ते बघायचं, पावणेसहाला बंद करायचा. छदाम मिळत नव्हता. पण पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतःवरच चिडायचे.

काका आणि मारिएन्टालचा तो माणूस, दोघांच्याही बाबतीत एक शंका उरतेच. त्यांना पगाराएवढे पैसे घरबसल्या मिळाले असते तर? बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. ७४५ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला दर आठवड्याला नुसते पैसे, दुसऱ्याला जवळपास तेवढेच पैसे पण कामाच्या मोबदल्यात, तिसरा गट तुलनेपुरता. काम साधंच, वस्तीत काय चाललंय याच्या नोंदी ठेवायच्या. २०२२मध्ये निष्कर्ष छापून आले. काम मिळालेल्यांची मनःस्थिती नुसते पैसे मिळालेल्यांपेक्षा बरीच जास्त सुधारली होती. काम करणाऱ्यांना विचारलं, पैसे न घेता काही काळ हेच काम कराल का? ६६ टक्के हो म्हणाले. ज्यांच्यापाशी जवळजवळ काहीच नाही, त्यांचं हे उत्तर आहे.

मग किती काम पुरतं? केंब्रिज आणि सॅलफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ७०,००० हून अधिक लोकांची माहिती तपासून २०१९मध्ये सांगितलं की, आठवड्याला आठ तासांपर्यंतच्या पगारी कामानेही बेकार माणसाच्या मानसिक त्रासाचा धोका सरासरी ३० टक्क्यांनी घटतो. त्यापुढे तास वाढवून मनाला फारसा जास्त फायदा होत नाही. घर चालवायला आठ तास पुरणार नाहीत, हे उघड आहे. पण रात्री दहापर्यंत लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावाच.

आपल्याकडे मागेल त्याला काम हा हक्क रोजगार हमीतून आला. वि. स. पागे यांनी मांडलेली ही योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर पोचली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. तिचं मोजमाप आपण नेहमी मजुरी, मस्टर आणि खोदलेल्या मातीच्या हिशेबात केलं. पहाटे भाकरी बांधून सात-आठ जणींनी मिळून कामावर जाण्याने त्यांच्या मनाला काय मिळालं, हेही तेवढ्याच आस्थेने मोजायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मारिएन्टाल आता ग्रामाटनॉयझीडल या गावाचा भाग आहे. तिथे २०२०मध्ये पुन्हा एक प्रयोग सुरू झाला. दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असेल तर, पगारी काम देण्याची हमी. ऑक्सफर्डच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याची आखणी केली. काहींनी सुतारकाम धरलं, काहींनी बागकाम. सक्ती कुणावरच नव्हती. तपासणीत दिसलं की त्यांच्या शारीरिक आरोग्यात फरक पडला नाही. पण मन सावरलं, माणसांत उठबस वाढली आणि दिवसाला पुन्हा चौकट आली.