ठसका न लागणारे मूल

नाशिकमध्ये द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडातही एखादा टपोरा मणी कौतुकाने घातला जातो. गुळगुळीत आणि दाबला तर आकार बदलणारा हा मणी लहान मुलाच्या श्वासमार्गात बुचासारखा बसू शकतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना तो उभा चिरून, चार फोडी करूनच द्यावा. हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. काही मुलांत मात्र दुधाचा घोट रोज थोडाथोडा फुप्फुसात उतरत राहतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदते. घोट गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण खाली झुकते, स्वरतंतू मिटतात आणि दूध अन्ननलिकेकडे वळते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा हा मेळ गर्भाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या बाळांना बहुधा काही दिवस नळीने दूध द्यावे लागते. घोट चुकलाच, तर ठसका त्याला बाहेर फेकतो. परंतु सेरेब्रल पाल्सीसारख्या मेंदूच्या विकारांत घशाची संवेदना मंद झालेली असू शकते. मग दूध श्वासनलिकेत जाते आणि मूल खोकतसुद्धा नाही. "पिताना काहीच त्रास नाही, पण सारखी छाती भरते," असे आई सांगते तेव्हा ते फार गांभीर्याने ऐकावे. पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरता येणे, दूध संपायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, या खुणा एकत्र दिसल्या तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. तीत बेरियम (एक्स-रेमध्ये उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेला घोट कुठे जातो, हे हलत्या एक्स-रेमध्ये प्रत्यक्ष दिसते.

आपल्या काही घरगुती सवयींकडेही पाहायला हवे. बाळाला पायांवर आडवे घेऊन बोंडल्याने दूध ओतले, तर गिळण्याचा वेग बाळाच्या हातात राहत नाही. ठसका लागताच "वर बघ, वर बघ" म्हणून मान मागे करवली, की श्वासनलिकेचे रक्षण आणखी अवघड होते. आणि नाकात तेल किंवा तूप सोडण्याची प्रथा तर मला सर्वांत घातक वाटते, कारण स्निग्ध पदार्थ ठसका न उठवताच फुप्फुसापर्यंत पोहोचतात आणि तिथे न्यूमोनिया घडवतात.

घोट असा श्वासनलिकेत जाणाऱ्या मुलांना पातळ पाणी गिळणे बहुधा सर्वांत कठीण जाते, कारण झाकण सावरण्याआधीच ते घसरून पुढे जाते. त्यामानाने नाचणीच्या दाटसर सत्त्वाचा घास हळू सरकतो. मात्र किती दाट, कुणाला आणि कधी, हे तपासणीनंतर गिळण्याचे उपचारतज्ज्ञच ठरवतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दूध घरच्या घरी मुळीच दाट करू नये.