घर भाड्याचं, कागद परवान्याचा

महाराष्ट्रात आज राहत्या घराचा ‘भाडेकरार’ म्हणून ज्या कागदावर सह्या होतात, त्यात ‘भाडेकरू’ हा शब्द बहुधा फक्त नाकारण्यापुरता येतो: या करारामुळे भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. घर घेणारा ‘परवानाधारक’ आणि तो देतो ते ‘परवाना शुल्क’. एक किल्ली मालकाकडे राहील, असंही कलम बरेचदा असतं, कारण ताबा कायद्याने मालकाचाच असल्याचं दाखवायचं असतं.

या सोवळेपणाचं मूळ १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात आहे. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली आणि भाडेकरूला सहज हलवता येणार नाही, अशी तजवीज केली. तेव्हा मालकांनी १८८२ च्या ईझमेंट (दुसऱ्याच्या जागेच्या वापराचे हक्क) कायद्यातला ‘परवाना’ हुडकून काढला. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो, परवान्याने नुसती वापराची मुभा मिळते. ‘लिव्ह अँड लायसन्स’ ते हेच. १९५९ च्या एका निकालात न्यायालयाने बजावलं की कागदाच्या शीर्षकापेक्षा दोघांचा खरा इरादा पाहायचा. तरी शीर्षकाचा मोह सुटला नाही.

मग आली १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख. कायदा दुरुस्त झाला आणि त्या दिवशी किमान एका खोलीत चालू कराराने राहणारा परवानाधारक कायद्याने भाडेकरू मानला गेला. यावर अजूनही दोन तट आहेत. भाड्यालाच परवान्याचं नाव देऊन संरक्षण हिरावलं जात होतं, ही भाडेकरूंची बाजू खरीच होती. पण ज्याने खरोखरच थोड्या दिवसांसाठी जागा दिली, त्याचीही खोली गेली. माझ्या मते दुरुस्तीचा हेतू रास्त होता. सरसकट एका तारखेने सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मात्र चुकलं. ‘घर रिकामं ठेवीन, पण देणार नाही’ हे वाक्य मालकांच्या तोंडी बसलं, त्याला या तारखेचाही हातभार आहे.

गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असं न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. पुढचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू ३१ मार्च २००० पासून. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पागडीला, म्हणजे जागा देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी रकमेला, मान्यता मिळाली. राहत्या जागेचा परवाना संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्काइतकी भरपाई लागते.

मालकांना हे कलम तोंडपाठ असतं, कलम ५५ तेवढं नसतं. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातली उरलीसुरली. तिथे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं, म्हणून एक महिना कमी. कलम ५५ मध्ये अशी सवलत नाही. मुद्रांक शुल्काच्या तक्त्यात तर साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्याला जागा आहे. तरी मुदतीच्या रकान्यात अजून ११ च भरले जातात.