रेड ब्लेंड म्हणजे उरलेल्या वाइनची मिसळ नव्हे

रेड ब्लेंड, म्हणजे एकाहून अधिक जातींच्या द्राक्षांची रेड वाइन, ही पिंपाच्या तळाशी उरलेल्या वाइनची सरमिसळ असते, हा समज मुंबईत अजूनही ऐकू येतो. तो निराधार आहे. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतात लवकर पिकणारी मर्लो आणि उशिरा पिकणारी काबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षांच्या जाती मुद्दाम लावल्या जातात, कारण वसंतातल्या हिमाने मर्लो गेली किंवा शरदातल्या पावसाने काबर्ने नासली, तरी दुसरी हाती राहते. दोन्ही बहुधा वेगवेगळ्या आंबवून, चाखून, मगच प्रमाण ठरवतात. काबर्नेचा तुरटपणा मर्लोच्या मऊपणाने सावरतो. सुमार ब्लेंडही असतात, पण सुमार एकजातीय वाइनही काही कमी नाहीत.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्लाही युरोपातल्या थंड घरांचा आहे. मुंबईच्या ३० अंशांतली बाटली फ्रिजमध्ये ठेवून साधारण १६ ते १८ अंशांवर प्यावी, नाहीतर नाकाला अल्कोहोलच अधिक जाणवते.